तळहातावरची बार्शी लाइट

छोट्या मापाच्या वाफेच्या इंजिनांचा छंद जोपासणाऱ्यांच्या जगात वर्षारंभ हा मोठ्या उत्कंठेचा काळ असतो. परदेशी कारखाने आपल्या आगामी इंजिनांची नावे जाहीर करतात आणि मग सुरू होते प्रतीक्षा. आधी संगणकावरील आराखडा, काही महिन्यांनी रंग न दिलेला पहिला नमुना, त्यानंतर रंगवलेला नमुना, आणि शेवटी चीनमधल्या कारखान्यातून निघालेली पेटी. जाहीर झाल्यापासून हातात पडेपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. पैसे आगाऊ भरलेला गृहस्थ या काळात त्या इंजिनाची एवढी माहिती मिळवतो की, पेटी उघडताना त्याला नवे असे फारसे काही उरलेले नसते. तरीही पेटी उघडताना हात थरथरतोच.

मराठवाड्यातल्या छंदिष्टाची अडचण मात्र वेगळी आहे. दार्जिलिंगच्या इंजिनाच्या लघुप्रतिकृती परदेशात निघाल्या. पण लातूरच्या माणसाने ज्या इंजिनाची वाट पाहावी, ते या याद्यांमध्ये शोधून सापडत नाही. आणि तसे पाहिले तर जगातल्या अरुंदमापी रेल्वेच्या इतिहासात लातूरच्या गाडीचे स्थान दार्जिलिंगपेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. मुख्य मार्गापासून दूर पडलेल्या बार्शीच्या पेठेला स्वस्तात रेल्वे कशी देता येईल, हा विचार त्याच्या मनाने घेतला. त्याने अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे रूळमाप निवडले आणि एक साधा पण कठोर नियम घालून घेतला: इंजिन असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार सारखा वाटला की रूळ हलके चालतात, रूळ हलके की खर्च कमी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर भांडवल कमी आणि उलाढाल जास्त. लीड्सजवळच्या न्यूले येथे प्रायोगिक रूळ टाकून त्याने आपल्या वाघिणी जाणकारांना चालवून दाखवल्या, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेला. पूर्ण मार्ग सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा. १९५४ मध्ये तो सरकारच्या ताब्यात गेला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा येडशी-तडवळे टप्प्याचे काम त्यांच्या पहिल्या कामांपैकी होते. पुढे जहाजे आणि विमाने उभी करणाऱ्या माणसाचे हात आधी या छोट्या रुळांच्या भरावात मळले होते.

बार्शी लाइटची पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याची. आठ चालक चाके, मागे चार लहान चाके, आणि पाणी-कोळसा अंगावरच वाहणारी बैठी, रुंद बांधणी. कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची आठ मैलांची छोटी रेल्वे उभारली. १९०४ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गासाठी किटसननेच दोन इंजिने बांधली. त्यांपैकी एकाला त्याचेच नाव दिले होते. त्यांच्या कपाळावरचे भलेमोठे दिवे इंग्लंडच्या हिरव्या दरीत अगदी परके दिसत. कारण ती मूळची आपल्याकडच्या उन्हातली कल्पना होती. ही रेल्वे १९३४ मध्ये बंद झाली, पण तिकडच्या छंदिष्टांना तिचे वेड असे की त्या इंजिनांचे सुटे भागसंच निघाले. मूळ मार्ग मिरजेपर्यंत पसरलेला, आणि प्रतिकृती मात्र आठ मैलांच्या धाकट्या भावंडाची! (या कॅलथ्रॉपने उत्तरायुष्यात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली, हेही जाता जाता नोंदवण्यासारखे.)

आता थोडा हिशेब. छंदाच्या बाजारात सर्वाधिक प्रचलित रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात ते युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर रुळांशी तंतोतंत जुळतात. भारताचे रुंद रूळ १,६७६ मिलिमीटरचे. त्याच प्रमाणात त्यांचे माप सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास यायला हवे. म्हणजे तयार रुळांवर धावणारी आपल्या ब्रॉडगेजची प्रत्येक प्रतिकृती खऱ्या हिशेबाने जवळपास चोवीस सेंटिमीटर अरुंद रुळांवर उभी असते. नांदेडची गोष्ट थोडी बरी. मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटरगेजचा असताना तिथून वायपी जातीच्या इंजिनांमागे अजिंठा एक्स्प्रेस धावे. मीटरगेज या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर भरते, आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरी रेल्वेसाठी बारा मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. पण खरा चमत्कार लातूरच्या बाबतीत आहे. बार्शी लाइटचे ७६२ मिलिमीटर एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात जवळपास सोळा मिलिमीटर होतात. म्हणजे साडेसोळाचे सर्वांत स्वस्त, सर्वत्र मिळणारे रूळ लातूरच्या गाडीला जवळजवळ नेमके बसतात! जागा कमी असेल तर एकास सत्त्याऐंशीत नऊ मिलिमीटरचे रूळही चालतात. दिल्ली-मुंबईच्या राजधानीला जे सुख नाही, ते बार्शीच्या गाडीला आहे.

उरतो प्रश्न इंजिनाचा. पूर्वी परदेशात गेलेला मामा किंवा मेहुणा परतताना सामानात एखादे इंजिन घेऊन येई. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले, वाट मोकळी झाली. मात्र सीमाशुल्काच्या वर्गवारीत लघुप्रमाणातील प्रतिकृती खेळण्यांबरोबरच मोडतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे मूळ शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले आणि २०२३ मध्ये सत्तर. देशी खेळणी उद्योगासाठी उचललेले हे पाऊल चुकीचे म्हणता येणार नाही. पण सत्तर वर्षांच्या आजोबांचे इंजिन आणि सात वर्षांच्या नातवाची प्लास्टिकची मोटार एकाच रकान्यात मोजली जाते, हे खरे. आगाऊ नोंदणी करणाऱ्याने परदेशी किमतीकडे पाहून आनंद मानू नये. शुल्क, कर आणि टपालखर्च मिळवून मगच मनाची तयारी करावी. परिग्रहाला मर्यादा घालून घेतलेल्यांना हा हिशेब एका परीने उपकारकच ठरतो.

खिशाला हात लावण्याआधी पुण्याला कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यावर एक चक्कर जरूर मारावी. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून तिथे आहे. वाफेचे छोटे इंजिन चालताना नेमके कसे दिसते, हे तिथे कळते. हेही कळते की या मापात बहुधा वाफ नसतेच. बॉयलरच्या पोटात विजेची मोटार असते आणि चाकांचे दांडे तेवढे खऱ्यासारखे हलतात. २००३ मध्ये इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीने रुळांतून आलेल्या विजेवर पाणी उकळून खऱ्या वाफेवर चालणारे इंजिन या मापात काढले, पण तो अपवाद. निसर्गाला प्रमाणात लहान करता येत नाही. बॉयलर लहान झाला की त्याच्या पोटातल्या पाण्याच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग फार मोठा राहतो आणि उष्णता झरझर निघून जाते. वजनाचेही तेच. तीस टनांचे इंजिन एकास अठ्ठेचाळीस केले की हिशेबाने जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम भरते. एवढ्या वजनावर डबे ओढले जात नाहीत, म्हणून आत धातूचा भार भरावा लागतो.

तयार इंजिन मिळत नाही, तेव्हा लातूरकराला ते घडवून घ्यावे लागेल, आणि इथे प्रतीक्षेचे स्वरूप बदलते. धुराड्याची उंची, टाकीवरच्या रिव्हेटांच्या रांगा, चालकाच्या खोलीच्या छताचा उतार, पावसाळ्यात लावायचे पडदे: यातले आराखड्यात जेवढे असते तेवढेच कागदावर सापडते. उरलेले माणसांपाशी आहे. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. वाफेची इंजिने तर त्याच्याही बरीच आधी गेली. १९८० मध्ये पंचविशीत असलेला फायरमन आज सत्तरीत आहे. येडशीचा चढ चढताना कोळसा किती आणि केव्हा टाकायचा, इंजिनाचा मूळ रंग धुराखाली कसा दिसे, हे तोच सांगू शकतो. कुर्डुवाडीच्या कारखान्यात हातोडा चालवलेली पिढीही त्याच वयाची. त्यांच्याशी बोलायला कुठलेही सीमाशुल्क लागत नाही. पण ही नोंदणी दोन-तीन वर्षे पुढे ढकलता येणारी नव्हे.

इंजिन हाती आल्यावरही घाई करू नये. आधी रूळ स्वच्छ पुसावेत, आसांना तेलाचा एकेक थेंब द्यावा, आणि डबे न जोडता अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे मंद गतीने फिरवावे. ताशी तीस किलोमीटरची खरी गती या मापात सेकंदाला सतरा सेंटिमीटर होते. त्याहून वेगाने पळवले तर ती बार्शी लाइट राहत नाही. संपूर्ण मार्ग मात्र मांडायचा मोह टाळावा, कारण लातूर ते मिरज हे अंतर एकास अठ्ठेचाळीसमध्येही पावणेसात किलोमीटर भरते. दिवाणखान्यात एखादेच स्थानक मावेल. ते येडशी असावे, बार्शी की जुने लातूर, हे घरच्या थोरल्यांना विचारून ठरवावे.