लेहरा चालतो, मग माइल्स का नाही?

माइल्स डेव्हिसचं नाव काढलं की आपल्याकडच्या जॅझप्रेमी मंडळींचे चेहरे एकदम भाविक होतात. 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) म्हणजे तर पोथीच. त्याबद्दल तक्रार नाही, मलाही तो अल्बम आवडतो. पण त्याच माणसाने १९७२ साली काढलेल्या 'ऑन द कॉर्नर'चं नाव घ्या, आणि बघा. "तो त्याचा वाया गेलेला काळ रे", "नुसता गोंगाट", आणि सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे "पुढे काही होतच नाही त्यात!"

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे.

काही होत नाही म्हणजे काय, तर बेसवर मायकल हेंडरसन एक तुकडा धरतो आणि सोडत नाही. पहिला ट्रॅक जवळपास वीस मिनिटांचा, शेवटचा त्याहून मोठा. 'ब्लॅक सॅटिन'पासून शेवटपर्यंत तर घोळवून घोळवून साधारण तीच बेसलाईन. कबूल. पण हीच मंडळी रविवारी सकाळी तबल्याच्या सोलोला झब्बा घालून पहिल्या रांगेत बसतात ना? तिथे पेटीवाला काय करत असतो? तासभर तोच लेहरा! कुणी उठून म्हणतं का, की अहो पेटीवाले, जरा पुढे सरका? नाही म्हणत. कारण पेटी हे तिथलं घड्याळ आहे हे आपल्याला माहीत असतं. ऐकायचं असतं ते त्या घड्याळाशी तबलजी काय मस्ती करतो ते.

हेंडरसनचा बेस हा लेहरा आहे. बस्स. मग कान आपोआप ड्रम्सकडे, घुंगरांकडे, टाळ्यांकडे जातात, आणि तिथे तर इतकं काही चाललेलं असतं की एका वेळी सगळं पकडता येत नाही. (समेचा आणि तिहाईचा हिशोब मात्र शोधू नका, तो इथे नाही. माइल्सच्या डोक्यात तेव्हा स्लाय स्टोन, जेम्स ब्राऊन आणि पॉल बकमास्टरने ऐकवलेला श्टॉकहाउझन अशी अफाट मिसळ शिजत होती.)

बरं, तबला म्हणाल तर तोही आहे, खराखुरा. वाजवणारे बादल रॉय, मूळचे आताच्या बांगलादेशातल्या कुमिल्ल्याचे. २०२२ साली गेले. न्यूयॉर्कमधल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये वाजवताना त्यांची जॉन मॅकलॉफ्लिनशी गाठ पडली आणि त्या ओळखीतून पुढे ते माइल्सपर्यंत पोचले. इथे त्यांचा तबला 'पूर्वेचं गूढ' वगैरे दाखवायला ठेवलेला नाही, गर्दीत धक्के खात कामाला जुंपलेला आहे. फ्यूजनच्या नावाखाली आपण जी गुळगुळीत मिक्सरमधली पेस्ट ऐकतो, त्याच्या कितीतरी पुढचं हे प्रकरण. सतार मात्र मला अजूनही शोभेचीच वाटते. असो.

दुसरा आरोप: माइल्स पैशासाठी विकला गेला. काय राव! विकला जाणारा माणूस गुणगुणता येईल अशी एक तरी चाल देईल की नाही? आपल्या ट्रम्पेटला वाह-वाह पेडल लावून ती ओळखू येणार नाही अशी करून ठेवेल का? कव्हरवर वादकांची नावंच न छापण्याचा उद्योग करेल? आणि वादक कोण, तर हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया, जॅक डिजॉनेट. त्याला तरुण कृष्णवर्णीय पोरांपर्यंत पोचायचं होतं, हे त्याने आत्मचरित्रात सांगितलंय. कंपनीने तो विकायला काढला जुन्याच जॅझवाल्यांना. त्यांनी झोडपला, खप यथातथाच, आणि ज्यांच्यासाठी केला त्यांना पत्ताच नाही. याला विकलं जाणं म्हणत असाल तर धंद्याचं अवघड आहे.

सॅक्सवाल्या डेव्ह लिबमनचा किस्सा तर भारीच. स्टुडिओत पोचला तेव्हा वाजवणं चालूच होतं, ह्याला हेडफोनसुद्धा नाही. इलेक्ट्रिक वाद्यं थेट टेपमध्ये चाललेली, त्यामुळे त्याच्या कानावर येतोय तो जवळजवळ फक्त ठोकाठोकीचा आवाज. सूर कुठला काही कळत नाहीये, तरी वाजवतोय. नंतर टिओ मासेरोने टेप कापून-जोडून तो माल उभा केला. ऐकताना मध्येच घाव घातल्यासारखं होतं ना, ते हेच.

आता विरुद्ध टोळीचंही थोडं. "हिपहॉप आणि ड्रम अँड बेसचं मूळ यात आहे, म्हणून हा ग्रेट", असं म्हणणारे. २००७ साली सहा सीडींचा बॉक्स सेट आल्यापासून यांना जास्तच जोर चढलाय. मुद्दा खोटा नाही, पण नातवंडं नावारूपाला आली म्हणून आजोबांना मार्क द्यायचे, हा काय प्रकार? नातवंडं झाली नसती तर काय गोंगाट ठरला असता का?

ऐकायचाच असेल तर लॅपटॉपच्या स्पीकरवर कृपया नको. बेस ऐकूच येत नाही, म्हणजे लेहराच गायब. आधी 'ब्लॅक सॅटिन' लावा, पाचेक मिनिटांचं आहे. शिट्टी, टाळ्या, घुंगरं, सगळा मसाला त्यात आहे. मग पहिल्यापासून. ट्रम्पेट कधी येते याची वाट बघू नका, येईल तेव्हा येईल. शेवटचा तेवीस मिनिटांचा ट्रॅक एका बैठकीत संपला नाही तरी चालेल. तो खरंच लांबलाय.