हाडाला डेडलाइन नसते

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. क्लायंटचा कॉल ऐन रंगात आणि मोबाइल थरथरतोय. ‘आई’. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंचा नंबर! आई बाथरूममध्ये घसरली होती.

मी डोंबिवली गाठेपर्यंत एक्स-रे निघालाही होता. उजव्या दंडाचं हाड खांद्याच्या गोळ्याच्या जरा खाली मोडलेलं, वर तुकडा जागचा सरकलेला. या जागेचं इंग्रजी नावच मुळी ‘सर्जिकल नेक’. म्हटलं, नावातच सर्जरी आहे, मग वाट कसली बघायची? माझ्या डोक्यात एक्सेल शीट तयार : शनिवारी अ‍ॅडमिट, रविवारी प्लेट, बुधवारी मी ऑफिसात. मेडिक्लेम आहेच.

हाडांचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘‘ऑपरेशन करता येईल. पण करायलाच हवं, असं नाही.’’

खरं सांगते, वैताग आला. एवढं मोडलेलं हाड नुसतं गळ्यात बांधून ठेवायचं?

डॉक्टरांनी कागदावर खांदा काढून दाखवला. प्लेट लावून स्क्रू मारतात. पण चौसष्टाव्या वर्षी हाड ठिसूळ असेल तर स्क्रूची पकड सुटते, कधी टोक गोळ्यातून आरपार सांध्यात घुसतं. मग दुसरं ऑपरेशन! ब्रिटनमध्ये ‘प्रोफेर’ नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली निष्कर्ष आले. अशीच सरकलेली फ्रॅक्चर्स असलेले २५० पेशंट. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना फक्त स्लिंग आणि व्यायाम. दोन वर्षांनी बघितलं तर हात वापरण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही!

अर्थात हे सगळ्यांना लागू नाही. गोळा वाटीतून निखळला, दुभंगला किंवा हाड कातडीबाहेर आलं, तर गणित बदलतं. बाइकवरून पडलेल्या पंचविशीतल्या मुलाचंही वेगळं. आणि म्हातारपणी गोळ्याचा चुराच झाला, तर ‘रिव्हर्स’ सांधा बसवतात. म्हणजे गोळ्याच्या जागी वाटी, वाटीच्या जागी गोळा! मग हात उचलायचं काम खांद्यावरचा मोठा स्नायू करतो.

मी तरीही ‘पण डॉक्टर...’ करत होते. तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘अगं, हात माझा आहे ना? मग मला विचारा की!’’

तिने स्लिंग निवडली. ऑपरेशनची घाई माझ्या कॅलेंडरला होती, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

सोपं नव्हतं हं! पहिले पंधरा दिवस आई आरामखुर्चीत बसूनच झोपली. काळानिळा डाग कोपरापर्यंत उतरला, बघून मीच घाबरले. तीन आठवड्यांनी फिजिओथेरपी सुरू. पुढे वाकायचं आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. रोज. कंटाळा आला तरी. नुसतं घसरून हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी हाडांच्या घनतेची डेक्सा टेस्टही करायला लावली. ती खरं तर आधीच करायला हवी होती. तुमच्या आईची झालीय का?

रोज सकाळी तिची वेणी मी घालायचे. लोकल चुकायची, बॉसची बोलणी खायचे. चौथ्या महिन्यात एक दिवस बघते तर बाईसाहेब आरशासमोर, स्वतःच्या हाताने केस विंचरतायत!

हात अजून पूर्ण वर जात नाही. फळीवरचा डबा मीच काढून देते. आणि हो, आता आईचा फोन आला की क्लायंट होल्डवर!