धूळपाटी आणि पासोडी

संगणक मंदावला की नवा घ्यावा, असा ठराव बहुतेक घरांत एकमताने पास होतो. पैशाचा प्रश्न निघाला की मग कोणीतरी तरुण चिरंजीव सुचवतात, "रॅम डिस्क करून बघा ना!" ही डिस्क बाजारात मिळत नाही, हा तिचा पहिला गुण.

संगणकाची डिस्क म्हणजे कोठीघर आणि रॅम म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. जुन्या फिरत्या तबकडीवरची फाइल शोधायला यंत्राला काही सहस्रांश सेकंद लागतात. रॅममधली वस्तू सेकंदाच्या कोट्यंशाच्या आसपास हाती येते. या डब्यातला एक कप्पा वेगळा काढून त्यावर कोठीची पाटी लावली की झाली रॅम डिस्क! यंत्र बिचारे तिला खरी डिस्क समजून वागते.

जुन्या पोथ्यांच्या छायाचित्रांतून अक्षरे उतरवून घेताना तिचा उपयोग होतो. पानागणिक तात्पुरत्या चित्रांचा ढीग पडतो आणि पुसला जातो. ही उठाठेव रॅमवर नेली तर जुनी तबकडी सुटकेचा निःश्वास टाकते. मात्र एरवीची पत्रे आणि हिशेब यांसाठी हा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. नुकत्याच उघडलेल्या फायली विंडोज आपण होऊनच रॅममध्ये धरून ठेवते. शिवाय यंत्रात रॅमच 4 जीबी असेल, तर त्यातला कप्पा काढणे म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पोटभाडेकरू ठेवणे. त्यापेक्षा फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवावी. 16 जीबी असेल, तर 2 जीबीचा कप्पा खुशाल काढावा.

आता यातली मेख. रॅममधले प्रत्येक अक्षर म्हणजे विजेचा एक थेंब, आणि तो सारखा गळत असतो. म्हणून यंत्र दर 64 सहस्रांश सेकंदांच्या आत सगळा मजकूर पुन्हा गिरवते. वीज गेली की गिरवणे थांबले आणि पाटी कोरी! आमच्या बीड जिल्ह्यात वीज जायला मुहूर्त लागत नाही, हे वाचकांना सांगायला नकोच. लॅपटॉपला बॅटरी असते खरी. पण यंत्र अडकून पुन्हा चालू करावे लागले, तरी परिणाम तोच.

आपल्या पणजोबांनी धुळाक्षरे गिरवली ती धूळपाटीवर; एक हात फिरवला की पुढच्या अक्षराला जागा मोकळी. पण याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, चारशे वर्षांपूर्वी दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले ते सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर. ती पासोडी अजून जपलेली आहे.

आमच्या एम.ए.च्या एका विद्यार्थिनीला वेगासाठी आपला सबंध प्रबंधच रॅम डिस्कवर ठेवायचा होता. मी म्हटले, "बाई गं, चित्रांचा ढीग तिथे टाक, प्रबंध धूळपाटीवर लिहू नकोस."

"मग सर, पेनड्राइव्ह म्हणजे पासोडी ना?"

"तीही हरवते. दोन कर. एक तुझ्याजवळ असू दे, दुसरी मामांच्या घरी."