ओवी कोणाची?

गोव्याच्या साष्टी प्रांतात धर्मप्रसार करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. विषय बायबलचा, पण छंद संतांचा, मांडणी पुराणाची आणि मराठी भाषेची स्तुती तर मुक्तकंठाने केलेली! ज्या साष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली, तेथील नवख्रिस्ती समाजाची पुराणश्रवणाची भूक मात्र मेली नव्हती. स्टीफन्सने ती ओळखली आणि परक्या आशयाला आपल्या ओवीचे वस्त्र चढविले.

ही रीत जुनीच आहे. पहिल्या शतकात पॉलने निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांना जी पत्रे लिहिली, ती ग्रीक भाषेत. आधी लिहिणाऱ्याचे नाव, मग ज्याला लिहायचे त्याचे, नंतर अभिवादन, हा ग्रीक पत्रांचा शिरस्ता त्याने उचलला. फक्त अभिवादनाचा रूढ शब्द किंचित बदलून त्यात ‘कृपा’ हा अर्थ भरला. कल्पित प्रतिपक्षी उभा करून त्याच्या शंकांना उत्तरे देण्याची ग्रीक वक्त्यांची पद्धतही, आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची आठवण करून देणारी, त्याच्या पत्रांत आहे. मला वाक्चातुर्याचा आधार नको, असे तो लिहितो. पण लिहितो तेही वाक्चातुर्यानेच.

चौथ्या शतकात बेसिल आणि ग्रेगरी हे ख्रिस्ती तरुण अथेन्समध्ये वक्तृत्वशास्त्र शिकले आणि पुढे ग्रीक पत्रलेखनाचे उत्तम नमुने त्यांच्याच लेखणीतून उतरले. त्याच काळात अथेन्समध्ये शिकणारा ज्युलियन ३६१ साली सम्राट झाला. त्याला पूर्वजांच्या देवतांचे पुनरुज्जीवन करायचे होते. ख्रिस्ती शिक्षकांनी होमर शिकवू नये, असे फर्मान त्याने ३६२ साली काढले. दुसऱ्याच वर्षी तो रणांगणावर पडला आणि फर्मान फार काळ टिकले नाही. पुढे जुन्या उपासनेवर राजसत्तेनेच बंदी घातली. ५२९ साली अथेन्समधील तत्त्वज्ञानाचे अध्यापनही थांबविले गेले. देव गेले, देवळे गेली. वक्तृत्वशैली तेवढी उरली, आणि तीही नव्या धर्माच्या घरी.

सत्तेचा दंडुका हे या शोकांतिकेचे मोठे कारण होते, यात शंका नाही. गोव्यानेही तो दंडुका सोसला आहे. पण ज्युलियनची चूकही आपण ओळखली पाहिजे. दुसऱ्याच्या हातातून ग्रंथ काढून घेतल्याने तो आपल्या मुखी येत नाही. तो आपणच रोज मुखी ठेवावा लागतो.

हे उदाहरण आपल्यापासून दूरचे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ याच नागपुरात राहिले. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु अभंग आणि कीर्तन सोबत नेले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. त्यांच्या धर्मांतराशी आपण सहमत नाही. पण तुकोबा त्यांनी किती जिव्हाळ्याने वाचले होते, हे नाकारता येईल काय?

धर्मांतराविषयी आपण सभा घेतो, निवेदने देतो. ते आवश्यकच आहे. पण आपल्या घरातील चित्र काय? ज्ञानेश्वरी देवघरात लाल वस्त्रात बांधलेली आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला त्यातली ओवी धड वाचता येत नाही! एक इंग्रज समुद्र ओलांडून येतो आणि आपली ओवी आत्मसात करतो. आपल्याला मात्र माजघरातून देवघरापर्यंतचे अंतर ओलांडता येऊ नये?

ओवी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर वादविवादाने मिळणार नाही. जो ती रोज म्हणतो, त्याची ती. आज सायंकाळी दिवेलागणीला ते लाल वस्त्र सोडावे, नातवाला शेजारी बसवावे आणि पाच ओव्या मोठ्याने म्हणाव्यात. धर्मरक्षणाचा आरंभ घरातूनच होतो.