पत्र्यावरचा दगड

महाराष्ट्राच्या प्रशासकीय भाषेत ‘पुनर्वसन’ हा शब्द धरणांच्या कामातून रुळला आणि भूकंपानंतरच्या कामाला तो पुढे लागू झाला. त्यामुळे या शब्दाबरोबर अख्खे गाव उचलून दुसरीकडे वसवण्याची कल्पनाही सहज चिकटून आली. धरणाच्या पाण्याखाली जाणारे गाव हलवण्यावाचून इलाज नसतो. इसापूर धरणामुळे पैनगंगेच्या खोऱ्याला हे चांगले ठाऊक आहे. भूकंपात मात्र गावाची शेते, विहिरी, पाणंद आणि देवळापुढचा पार बहुधा जागच्या जागी राहतात. पडतात ती घरे, आणि तीही बव्हंशी बांधणीतल्या उणिवांमुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हा फरक पुरेसा लक्षात घेतला गेला नाही, असे या मासिकाचे मत आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी आणि तिच्या आसपासच्या गावांत घरे बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या व तपासणाऱ्या अभियंत्यांनी, ठेकेदारांनी आणि गवंड्यांनी तो आता तरी नीट समजून घ्यायला हवा.

आताच म्हणण्याचे कारण स्पष्ट आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास, दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने, हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या आधी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि हिंगोली, नांदेड, परभणीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातही तो जाणवला. तीव्रतेचा हा आकडा भूगर्भातून मुक्त झालेल्या ऊर्जेशी निगडित असतो आणि तो एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटीने वाढते; त्या हिशेबाने किल्लारीचा ६.२ तीव्रतेचा भूकंप यांतल्या ४.५ च्या धक्क्यांपेक्षा ऊर्जेने सुमारे साडेतीनशे पट मोठा होता. लहान धक्के म्हणजे मोठ्याची नांदी, असेही कोणी मानू नये. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये धक्क्यांची मालिका जाणवली आणि पुढच्या वर्षी अनर्थ झाला, हे खरे. पण पालघर जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून अशीच मालिका दीर्घकाळ चालली आणि तेथे तसा विनाश झाला नाही. भूकंपाचे भाकीत शास्त्राला अजून साधलेले नाही. घर पडेल की उभे राहील, हे मात्र आधी सांगता येते, आणि ते सांगणे हेच या मासिकाच्या वाचकांचे काम आहे.

मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने केलेल्या आवाहनांपैकी एक अगदी साधे होते: घरांच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत. ज्याने या भागातली घरे पाहिली आहेत त्याला या सूचनेचे मोल कळेल, आणि तिचा अपुरेपणाही कळेल. पत्र्यावर दगड हौसेने ठेवलेला नसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वावटळ सुटते आणि वळवाच्या पावसाबरोबर वादळ येते, तेव्हा वाशांना नुसत्या खिळ्यांनी किंवा तारेने धरलेला पत्रा उडून जातो. म्हणून घरमालक कडेच्या ओळीवर पाच-दहा किलोचे धोंडे, जुनी टायरे, फुटक्या जात्याच्या तळ्या ठेवतो. जमीन हलली की हेच धोंडे घसरून नेमके दारापाशी, म्हणजे माणसे बाहेर पळतात त्या जागी पडतात. ‘दगड काढा’ एवढेच सांगितले तर पुढच्या वादळाला पत्रा जातो आणि त्यानंतरच्या आठवड्यात दगड पुन्हा वर चढतो. वाशाला किंवा लोखंडी नळीला आकडेवजा बोल्टाने, म्हणजे बांधकामात ज्याला ‘जे हुक’ म्हणतात त्याने, खाली रबरी वायसर देऊन पत्रा आवळला आणि वासे भिंतीतल्या पट्ट्याला सळईने बांधले तरच तो दगड कायमचा खाली येतो. वाऱ्याचा धोका आणि भूकंपाचा धोका एकाच बोल्टाने सुटतो, ही गोष्ट लहान वाटली तरी पुनर्वसनाचा सगळा विचार तिच्यात सामावलेला आहे: माणसाने केलेली चूक बहुधा दुसऱ्या खऱ्या अडचणीवरचा त्याचा उपाय असते, आणि ती अडचण सोडवल्याशिवाय चूक सुटत नाही.

किल्लारीत हेच फार मोठ्या प्रमाणावर दिसले होते. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतले माळवदाचे घर, ज्याला वऱ्हाडात धाब्याचे घर म्हणतात, उन्हापासून आणि चोरांपासून रक्षण करण्यासाठी घडलेले होते. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये मातीचा गारा आणि लाकडी छतावर पाणी गळू नये म्हणून वर्षानुवर्षे चढवलेले पांढऱ्या मातीचे थर, अशी त्याची रचना होती. जाड भिंत प्रत्यक्षात एकसंध नसते. आतला आणि बाहेरचा असे दोन पदर वेगवेगळे रचून मधली पोकळी कपच्यांनी भरलेली असते. हादऱ्याने हे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि कोसळतात. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या त्या पहाटे, चार वाजण्याच्या किंचित आधी, झोपेत असलेल्या माणसांवर हे दगड आणि वरची माती आली आणि शासकीय नोंदीनुसार ७,९२८ माणसे दगावली. अनेक घरांत मात्र छताचा भार लाकडी खांब-तुळयांवर होता आणि भिंती ढासळल्यावरही ते खण उभेच राहिले होते. पाहणाऱ्यांना त्यातून बोध घेता आला असता. पण लोकांच्या मनात दगड आणि लाकूड दोन्ही गुन्हेगार ठरली आणि सिमेंटच्या घराखेरीज कशातच सुरक्षितता नाही, असा समज पक्का झाला. ज्या घराने माणसे गिळली त्याच्या सामग्रीवर विश्वास उरू नये, हे स्वाभाविक होते. तज्ज्ञांनी तो समज दूर करायला हवा होता.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावांचे तीन वर्ग करण्यात आले. ‘अ’ वर्गातली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, ‘ब’ वर्गातल्या गावांत मूळ जागेवरच नवी घरे झाली आणि ‘क’ वर्गात १३ जिल्ह्यांतील सुमारे अडीच हजार गावांतल्या जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे होते. वर्तमानपत्रांनी आणि देणगीदारांनी पाहिली ती ‘अ’ वर्गातली गावे. तेथे जमीनधारणेनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली, सरळ रेषेत रुंद रस्ते आखले गेले आणि गावाचा विस्तार जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट झाला. ज्या काळात आणि ज्या वेगाने हे उभे राहिले त्याचे श्रेय अधिकाऱ्यांना, संस्थांना आणि राबणाऱ्या हातांना दिलेच पाहिजे. अनाथ झालेल्या बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवण्याचे भारतीय जैन संघटनेचे कामही त्याच वेळचे आहे. पण घर मिळणे म्हणजे जगणे सावरणे नव्हे. गल्लीबोळांतली सावली आणि शेजार रुंद रस्त्यांत हरवले, एकत्र कुटुंबे सरकारी यादीप्रमाणे विभागली गेली, गुरांना गोठा आणि कडब्याला जागा आराखड्यात नव्हती, आणि लांबचलांब रस्ते, गटारे व नळ सांभाळणे ग्रामपंचायतींना झेपेना.

पुढे जे घडले ते अभियंत्यांसाठी अधिक महत्त्वाचे आहे. कुटुंब वाढले, घर पुरेना, तेव्हा लोकांनी जुन्या गावातून दगड आणि लाकूड आणून नव्या घराला जोडून खोली, गोठा, कुंपण बांधले, आणि ते बांधताना भिंतीचे दोन पदर जोडणारा आरपार दगड पुन्हा कोणीच घातला नाही. सुरक्षित घर गावकऱ्यांच्या हाती दिले गेले होते, ते सुरक्षित का आहे ही समज मात्र दिली गेली नव्हती. त्यामुळे पुढच्या दाराने हाकललेला धोका मागच्या दाराने परत आला.

‘क’ वर्गाची कहाणी त्याहून कमी सांगितली गेली आहे आणि फुलसावंगीला उपयोगी पडेल ती हीच, कारण या टापूतली घरे पडलेली नाहीत. ती उभी आहेत आणि कमकुवत आहेत. मजबुतीकरण म्हणजे उभ्या घराला न पाडता भूकंप सोसण्याजोगे करणे. छतावरची जादा माती उतरवून वजन घटवणे, भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात सळई व काँक्रीट भरून आरपार दगडाचे काम करणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके टेकू देणे आणि भिंतींना चहूबाजूंनी पट्ट्याने बांधणे, हे त्याचे मुख्य प्रकार आहेत. त्यासाठी प्रत्येक घराला नुकसानीनुसार १७ हजार किंवा ३४ हजार रुपयांचे साहाय्य ठरले होते. असंख्य घरमालकांनी त्या पैशात जुन्या घराला हातही न लावता शेजारी एक नवी पक्की खोली उभारली. त्यांचा दोष काढणे सोपे आहे. पण भिंतीच्या पोटात भरलेले काँक्रीट डोळ्यांना दिसत नाही, खोली दिसते आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडते. नव्या खोलीत धान्य आणि कपाट गेले, माणसे मात्र थंडाव्यासाठी जुन्या माळवदाखालीच झोपत राहिली.

या टप्प्यावर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने वेगळी वाट दाखवली. हजाराहून अधिक गावांत स्थानिक स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. अनुदानाचे नियम घरोघरी समजावणे, सिमेंट-वाळूचे प्रमाण पाहणे, कोपऱ्यात सळई वळवली की नाही हे गवंड्याला विचारणे, ही कामे त्या करू लागल्या. पंचायतीच्या बैठकीतही न बसलेल्या स्त्रिया बांधकामावर ओळंबा धरू लागल्या, ही किल्लारीची सर्वांत मोठी मिळकत आहे, असे म्हणताना हे मासिक कचरत नाही. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या याच स्त्रिया गुजरातमध्ये गेल्या. तेथे बहुतांश कुटुंबांना घर आपल्या जागेवर स्वतः बांधण्याची मुभा आणि तपासणीनंतर हप्त्याहप्त्याने पैसे, अशी पद्धत स्वीकारली गेली.

फुलसावंगीत ही पद्धत नवीन आणण्याची गरज नाही. घरकुलाच्या रूपाने ती आलेलीच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे केंद्रीय प्रमाण आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलेले आहे, रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार मिळते आणि त्याच योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. दरवाजे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा ७५ मिलीमीटर जाडीचा काँक्रीटचा पट्टा, त्यात दोन सळया आणि दर १५० मिलीमीटरला ६ मिलीमीटरची रिंग, एवढे काम घरकुलाच्या चौकटीत बसते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा दारावर एक तुकडा आणि खिडकीवर दुसरा तुकडा टाकला जातो. असा तुकडा दारावरच्या भिंतीचे वजन पेलतो, पण हलणाऱ्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवत नाही. लिंटेलच्या टप्प्याचे छायाचित्र काढताना हप्ता मंजूर करणाऱ्या अभियंत्याने कोपऱ्यापाशी थांबून सळई वळून पुढच्या भिंतीत गेली आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधेल. काळ्या मातीत पाया पुरेसा खोल, मुरमापर्यंत न नेल्यास दर उन्हाळ्यात भिंतीला तडे जातात आणि असे तडे गेलेली भिंत धक्क्याला आधी बळी पडते, हेही त्याच भेटीत घरमालकाला सांगता येते.

जुन्या कवेलूच्या, धाब्याच्या आणि मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगड-विटांच्या घरांसाठी मात्र कोणतीही योजना तेवढी सोपी नाही. तेथे पडणारे घर कोणते आणि सावरता येणारे कोणते, याची गावनिहाय पाहणी ग्रामपंचायत, तालुक्याचे अभियंते आणि अनुभवी गवंडी यांनी मिळून करावी. दगडी भिंत नव्याने रचताना उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला आरपार दगड घालण्याचे प्रमाण प्रत्येक गवंड्याच्या तोंडी असावे. आणि पाहणीत घरातल्या स्त्रियांना प्रश्न विचारले जावेत, कारण भिंतीचा कोणता भाग कोणत्या पावसात फुगतो हे त्यांना ठाऊक असते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ज्यांच्याकडे महागाव, उमरखेड किंवा पुसद तालुक्यातली कामे असतील, त्यांनी आपल्या पुढच्या भेटीत सोबत काही जे हुक आणि एक पाना न्यावा, एका घराच्या पत्र्यावरचे दगड घरमालकाच्या हाताने खाली उतरवावेत आणि त्याच्यादेखत पत्रा आवळून द्यावा.