सक्ती नको, मौनही नको

लसीविषयी शंका घेणारा तो अडाणी, असा शेरा मारून मोकळे होण्याची सवय आपल्या सुशिक्षितांना जडली आहे. अशाने शंका मरत नाही. ती घराघरांत कुजबुजत राहते आणि अखेर एखादे निष्पाप मूल तिची किंमत मोजते. म्हणून स्पष्टच सांगितले पाहिजे : लस घ्यावीच, परंतु त्यासाठी दंडुका उगारणे हा मार्ग नव्हे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ही लस देण्यात आली. एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतील लस घेतलेले सुखरूप राहिले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, असा पुरावा पुढे आला. तरीही सरकारने हाफकिन यांनाच निलंबित केले. ते निर्दोष ठरले १९०७ मध्ये. सत्याला पाच वर्षे लागली. अफवेला इतका वेळ कधीच लागत नाही.

पोलिओची कथा वेगळी. डोसामुळे वंध्यत्व येते, अशी अफवा उत्तर प्रदेशात पसरली होती. तेथे वस्तीतल्याच स्त्रिया दारोदार फिरल्या, मौलवींनी लोकांची समजूत घातली. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

'सक्ती नसेल तर रोग पसरेल', हा युक्तिवाद हलका नाही. गोवरासारख्या रोगात एकाचा नकार शेजारच्या तान्ह्या बाळाला भोवतो. परंतु कोविडच्या लसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दिलेला निकाल पाहा. कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे सांगतानाच दुष्परिणामांची माहिती जनतेपुढे ठेवण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. व्हॅटिकननेही २१ डिसेंबर २०२० च्या टिपणात लसीकरण ऐच्छिक असावे असे म्हटले. मात्र सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्यावर, आपल्यामुळे इतरांना संसर्ग होऊ नये यासाठी झटण्याची जबाबदारीही टाकली.

तेव्हा पालकांनो, शंका कुजबुजू नका. डॉक्टरांना विचारा, आणि बाळाची लस चुकवू नका. शासनानेही अपाय झाल्यास तो झाकू नये. त्या कुटुंबाला भरपाई द्यावी. सर्वांच्या हितासाठी एखाद्याने सोसले, तर त्याचा भार सर्वांनी उचलणे हाच न्याय होय.