लाल बटण दाबणाऱ्याचं काय होतं?

रोबोवर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो : तुमच्याकडं लाईन थांबवायचं लाल बटण दाबणाऱ्याचं पुढं काय होतं?

मी कोगनोळीचा. दूधगंगेचा पूल ओलांडून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. कास्टिंग उचलून चकात लावणारा रोबो आला, तेव्हा पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'पावणं'. पावणं नोकरी खाणार ही धास्ती होतीच, अजून आहे. पण अंगाची भीती लवकर गेली. मधे जाळी होती आणि हात कुठं वळतो, कुठं थांबतो हे पाठ झालं होतं.

आता येणारे रोबो कॅमेऱ्यानं बघून, जॉब वाकडा पडला असेल तर स्वतःच वाट बदलतात. हुशारी खरी, पण शेजारच्याला पुढची हालचाल कळायला नको? स्क्रीनवर गोड डोळे काढण्यापेक्षा वळायच्या आधी एक दिवा लावा. 2015 मध्ये मानेसरच्या कारखान्यात पत्रा नीट करायला रोबोजवळ गेलेला कामगार जिवाला मुकला. तो रोबो तर जुन्या पद्धतीचा होता.

उलट चाकणला बजाज ऑटोत 2010 पासून कोबॉट, म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणारे रोबो, आहेत. तिथं बायकाही त्यांच्यासोबत काम करतात. त्याच कारखान्यात 2013 मध्ये 50 दिवस संप झाला. भांडण पगाराचं, निलंबित कामगारांचं, कंपनीच्या शेअर्सचं होतं. कोबॉटवर कुणाचा राग नव्हता.

म्हणून मला वाटतं, आम्ही यंत्राला जोखतो ते त्याच्या मालकावरून. मी आधी होतो त्या कंपनीत लाईन थांबवणाऱ्याचं नाव फळ्यावर लागायचं. सुपरवायझर सगळ्यांदेखत कारण विचारायचा. बटण हाताशी होतं, पण हात जायचा नाही. कंत्राटी पोरांचा तर नाहीच. त्यांना उद्याच्या गेटपासची काळजी. तिथं सुरक्षा सप्ताहात बॅनर मात्र झकास लागायचे.

नवा रोबो बसवताना मालकांनी एवढं करावं : नव्या कंत्राटी पोराला पहिल्याच दिवशी, चालू लाईनवर, सुपरवायझरसमोर ते बटण दाबायला लावावं. आणि त्या शिफ्टचं टार्गेट लाईन थांबल्यानं राहिलेल्या नगांनी कमी धरावं.